व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा न्यूमोनिया: निदानासाठी रक्तातील दर्शकांवर किती भिस्त ठेवावी?

प्रश्न
*निवासी डॉक्टर, मेडिसिन विभाग (सध्या अतिदक्षता विभागात नेमणूक)*

नमस्कार. अतिदक्षता विभागात काम करताना ज्या निर्णयाशी वारंवार अडायला होते, तो येथील जाणकारांपुढे मांडत आहे.

व्हेंटिलेटरवर चार-पाच दिवस काढलेल्या रुग्णाला ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, श्वासनलिकेतल्या नळीतून निघणारा स्राव घट्ट आणि पिवळसर होतो, ऑक्सिजनचे प्रमाण थोडे वाढवावे लागते आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या खालच्या भागात एक धूसर पट्टा दिसू लागतो. हा व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया समजून लगेच प्रतिजैविके सुरू करावीत, की फुप्फुसाचा भाग दबला आहे, पाणी साचले आहे किंवा मूळ आजाराचाच दाह वाढला आहे अशी शक्यता धरून थोडे थांबावे? नळी घातल्यावर ४८ तासांनंतर उद्भवणारा न्यूमोनिया, ही व्याख्या मला ठाऊक आहे. परंतु खाटेशेजारी उभे राहून निर्णय घेताना व्याख्येचा फारसा आधार मिळत नाही.

अशा वेळी सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन (शरीरातला दाह वा जिवाणूंचा संसर्ग सुचवणारे रक्तातले दर्शक) पाठवण्याची पद्धत आहे. अहवाल येतो, पण त्याचे वाचन प्रत्येक वरिष्ठ वेगळे करतात. प्रोकॅल्सिटोनिन ०.४ आले तर कोणी म्हणतात की जिवाणूंचा संसर्ग नाही. तोच आकडा पाहून दुसरे म्हणतात की हा अहवाल लक्षातच घेऊ नये. सीआरपी तर जवळजवळ प्रत्येक रुग्णाचे वाढलेलेच असते.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. व्हेंटिलेटरवरील न्यूमोनियाचे निदान करण्यासाठी रक्तातला कोणता दर्शक त्यातल्या त्यात भरवशाचा आहे? त्यासाठी एखादी निश्चित सीमारेषा मानता येते का? आणि हा दर्शक कमी आला म्हणून संशय असतानाही प्रतिजैविके रोखून धरणे सुरक्षित आहे का? अनावश्यक प्रतिजैविकांमुळे जिवाणूंचा प्रतिरोध वाढतो हे रोज डोळ्यांसमोर दिसते, आणि उपचाराला उशीर झाल्यामुळे रुग्ण हातचा जाईल अशी भीतीही तितकीच खरी असते. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी केवळ परीक्षेपुरता नाही.

उत्तर १
*अतिदक्षता तज्ज्ञ*

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण रुग्णाचे बरेवाईट त्याच्यावर ठरते. संशय बळकट असेल आणि रुग्णाची प्रकृती ढासळत असेल, तर केवळ रक्तातला दर्शक कमी आहे या आधारावर प्रतिजैविके रोखू नयेत. अमेरिकेतील संसर्गरोग संस्था आणि वक्षरोग संस्था यांनी २०१६ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हे स्पष्टपणे सांगितले आहे: उपचार सुरू करावा की नाही हे लक्षणे आणि तपासणी यांवरून ठरवावे, त्यासाठी प्रोकॅल्सिटोनिन किंवा सीआरपी यांची जोड घेऊ नये.

या शिफारशीमागचे आकडे समजून घेतले नाहीत तर ती नुसती आज्ञा वाटते. ती तयार करताना प्रोकॅल्सिटोनिनचे सहा अभ्यास एकत्र पाहिले गेले, त्यांत ६६५ रुग्ण होते, आणि निदानाची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते) ६७ टक्के तर विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर वगळते) ८३ टक्के निघाली. कागदावर हे आकडे तितके वाईट दिसत नाहीत. आता संशयित शंभर रुग्ण घ्या आणि त्यांतल्या तीस जणांना खरोखर न्यूमोनिया आहे असे धरा. चाचणी त्या तिसांपैकी वीस जणांना पकडेल आणि दहा जणांना सोडून देईल. उरलेल्या सत्तर निर्दोष रुग्णांपैकी बारा जणांची चाचणी विनाकारण वाढलेली येईल आणि अठ्ठावन्न जणांची योग्यरीत्या कमी येईल. म्हणजे चाचणी वाढलेली आली, तरी खरा न्यूमोनिया असण्याची शक्यता साधारण ६३ टक्के; आणि चाचणी कमी आली तरी १५ टक्के रुग्णांना तो असतोच.

हे झाले संशय मध्यम असताना. तुम्ही वर्णन केलेल्या रुग्णात ताप, पू असलेला स्राव, ऑक्सिजनची वाढती गरज आणि एक्स-रेमधला नवा बदल ही सगळी चिन्हे एकत्र आली आहेत, त्यामुळे चाचणीआधीची शक्यता ६० टक्के धरणे वावगे होणार नाही. तोच हिशेब पुन्हा केला, तर चाचणी कमी आलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांना न्यूमोनिया असेल. ज्या निकालानंतरही तिघांपैकी एकाहून अधिक रुग्णांना आजार असतो, त्या निकालावर विसंबून उपचार नाकारणे मला पटत नाही. उलट, संशयच क्षीण असेल तर ती चाचणी मुळात पाठवण्याची गरज होती का, हे तपासून पाहावे.

आता पहिला प्रश्न. रक्तातला कोणताही दर्शक फुप्फुसाची स्थिती थेट मोजत नाही. संपूर्ण शरीराने दिलेला दाहाचा प्रतिसाद तो मोजतो. निरोगी माणसाला बाहेर न्यूमोनिया झाला, तर मूळ पातळी शून्याजवळ असल्याने वाढ उठून दिसते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची मूळ पातळीच उंच असते: त्याची मोठी शस्त्रक्रिया झालेली असते, किंवा अपघात, स्वादुपिंडाचा दाह, भाजणे, हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू होणे, आधीचा सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडवणारी शरीराची प्रतिक्रिया), यांपैकी काहीतरी घडलेले असते. त्या उंचावलेल्या पातळीवर फुप्फुसाच्या एका भागातला नवा संसर्ग किती भर घालेल, हे आधी सांगता येत नाही. शिवाय संसर्ग फुप्फुसापुरता मर्यादित असताना त्याचा दाहही काही काळ तिथेच कोंडलेला राहू शकतो आणि रक्तात त्याची फारशी चाहूल लागत नाही.

सीमारेषेचा प्रश्नही यातच सुटतो. ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे, परंतु काल पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात आणि आठवडाभर स्थिर असलेल्या मेंदूच्या रुग्णात त्याचा अर्थ एकच असू शकत नाही. एकाच वेळच्या आकड्यापेक्षा चढउतार अधिक बोलका असतो. उतरत असलेले सीआरपी पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा चढू लागले, तर रुग्णाला पुन्हा नीट तपासण्यास ते पुरेसे कारण आहे. मात्र तपासताना केवळ छातीकडे पाहू नये. मध्यवर्ती शिरेतली नळी, लघवी, शस्त्रक्रियेची जखम, सायनस, पित्ताशय आणि औषधामुळे येणारा ताप, हे सगळे त्याच चढाला कारणीभूत असू शकतात.

उत्तर २
*सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून*

सरांच्या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे, त्याकडे लक्ष वेधते. ६७ आणि ८३ टक्के हे आकडे काढताना ‘खरा न्यूमोनिया’ कोणाला आणि कशावरून म्हटले गेले? दर्शकाची पारख करायची तर ज्याच्याशी तुलना करायची ते माप पक्के हवे, आणि या आजारात तेच कच्चे आहे.

बार्सिलोनातील एका गटाने १९९९ साली व्हेंटिलेटरवर मृत्यू पावलेल्या २५ रुग्णांच्या फुप्फुसांची मृत्यूनंतर लगेच तपासणी केली. एक्स-रेमधला बदल आणि त्यासोबत ताप, पांढऱ्या पेशींमधील बदल व पूयुक्त स्राव यांपैकी दोन चिन्हे, हा आपण रोज वापरतो तो निकष ऊतींच्या तपासणीशी ताडून पाहिला, तेव्हा त्याची संवेदनशीलता ६९ टक्के आणि विशिष्टता ७५ टक्के भरली. १९९१ पासून वापरात असलेला, सहाहून अधिक गुण मिळाल्यास न्यूमोनिया मानणारा क्लिनिकल पल्मनरी इन्फेक्शन स्कोअरही यापेक्षा फारसा चांगला ठरलेला नाही. २०१६ च्या तत्त्वांसाठी केलेल्या एकत्रित विश्लेषणात त्याची संवेदनशीलता ६५ आणि विशिष्टता ६४ टक्के निघाली. एखाद्या नव्या दर्शकाची तुलना अशा निकषाशी केली, तर तो दर्शक प्रत्यक्षात निर्दोष असला तरी आकड्यांत सदोषच दिसेल. याच्या उलटही घडते: ज्या अभ्यासात ‘न्यूमोनिया आहे’ हे ठरवणाऱ्या डॉक्टरांना सीआरपीचा अहवाल आधीच माहीत असतो, तिथे सीआरपीची कामगिरी आपोआप फुगते. म्हणून कोणताही शोधनिबंध वाचताना आधी त्यातली न्यूमोनियाची व्याख्या वाचावी आणि मगच आकड्यांकडे वळावे, असे मी आमच्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते.

रक्तात उत्तर नीट मिळत नाही म्हणून ते फुप्फुसाच्या स्रावात शोधण्याचा प्रयत्नही झाला, आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. २००४ साली फ्रान्समधील संशोधकांनी न्यूमोनियाचा संशय असलेल्या व्हेंटिलेटरवरील १४८ रुग्णांच्या फुप्फुसांतून धुऊन काढलेल्या द्रवात विद्राव्य ट्रेम-१ हे प्रथिन मोजले. संवेदनशीलता ९८ टक्के, विशिष्टता ९० टक्के! त्या वेळी प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. पुढे इतर ठिकाणी तोच प्रयोग झाला आणि २०१६ पर्यंतच्या सहा अभ्यासांतल्या २०८ रुग्णांचा एकत्रित निकाल पाहिला, तर संवेदनशीलता ८४ टक्के आणि विशिष्टता अवघी ४९ टक्के उरली होती. पहिल्या अभ्यासात चमकलेला दर्शक पुढच्या रुग्णसमूहांत फिका पडतो, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसले आहे.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधले. धुऊन काढलेल्या द्रवात इंटरल्युकिन-१ बीटा आणि इंटरल्युकिन-८ ही दाहाचे संदेश देणारी प्रथिने कमी असतील, तर न्यूमोनिया नाकारता येतो असे आधीच्या अभ्यासांत दिसले होते. त्यामुळे २४ अतिदक्षता विभागांमधील २१० रुग्णांवर यादृच्छिक चाचणी (दैवयोगाने दोन गट पाडून केलेली तुलना) झाली आणि २०२० साली तिचे निष्कर्ष आले. एका गटातल्या डॉक्टरांना ‘न्यूमोनिया असण्याची शक्यता फार कमी’ असा अहवाल लवकर मिळत होता, तरीही पुढच्या सात दिवसांतल्या प्रतिजैविकमुक्त दिवसांत दोन्ही गटांमध्ये फरक पडला नाही. चाचणीचे शास्त्र एका बाजूला असते, आणि डोळ्यांसमोरच्या गंभीर रुग्णाची प्रतिजैविके थांबवण्याचे धैर्य त्या कागदावरून येते का, हा अगदी वेगळा प्रश्न असतो. मला ही चाचणी फार महत्त्वाची वाटते, कारण तिने दर्शकाइतकीच निर्णय घेणाऱ्याचीही परीक्षा घेतली.

तुम्हाला माझी एक कळकळीची विनंती आहे. सीआरपीसाठी रक्त काढण्याची जितकी घाई करता, तितकीच घाई प्रतिजैविकाचा पहिला किंवा बदललेला डोस देण्याआधी खालच्या श्वसनमार्गाचा नमुना घेण्याची करा. नमुना ब्राँकोस्कोपीनेच (श्वासमार्गात दुर्बीण घालून) घ्यावा असे नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, कॅनडाच्या संशोधकांनी चालवलेल्या ७४० रुग्णांच्या चाचणीत ब्राँकोस्कोपीचा नमुना आणि नळीतून ओढून घेतलेला साधा स्राव यांच्या आधारे उपचार केले असता मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नव्हता. नळीतल्या स्रावात जंतू वाढले म्हणजे न्यूमोनिया झाला असे मात्र मुळीच समजू नये, कारण काही दिवसांतच नळीत आणि श्वासनलिकेत जंतूंची वस्ती होतेच. तरीही आधीपासून प्रतिजैविके चालू नसताना आणि नमुना नीट घेतलेला असताना त्यात पूपेशीही नाहीत आणि जंतूंची वाढही नाही, असे आढळले तर ते न्यूमोनियाच्या विरोधातले बळकट प्रमाण आहे. रक्तातला कोणताही दर्शक इतके स्पष्टपणे बोलत नाही.

उत्तर ३
*जीवरसायनशास्त्र, रुग्णालयीन प्रयोगशाळा*

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. अहवालातला आकडा कसा तयार होतो हे माहीत असेल तर तो वाचताना होणारी बरीच गफलत टळते, म्हणून तेवढाच भाग मांडतो.

सीआरपीचा शोध १९३० साली न्यूमोनियाच्याच रुग्णांमध्ये लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना असे दिसले की, न्यूमोकॉकसच्या भित्तिकेतील ‘सी’ नावाच्या पॉलिसॅकराइडशी संयोग पावणारा एक पदार्थ आजारी माणसाच्या रक्तद्रवात असतो आणि तो बरा झाला की नाहीसा होतो. मात्र तो न्यूमोनियापुरता मर्यादित नाही हे लवकरच कळून आले. इंटरल्युकिन-६ च्या आदेशावरून यकृत हे प्रथिन तयार करते, मग तो आदेश संसर्गामुळे आलेला असो किंवा शस्त्रक्रियेच्या चिरेमुळे. कारण घडल्यावर सहा तासांनंतर ते रक्तात वाढू लागते आणि शिखरावर पोहोचायला सुमारे दोन दिवस लागतात. त्याचा अर्धायुकाल साधारण १९ तासांचा असून आजार कोणताही असला तरी तो फारसा बदलत नाही. म्हणजे रक्तातली पातळी जवळजवळ पूर्णपणे यकृताच्या निर्मितीवर ठरते. यकृत निकामी होत असेल तर मोठा संसर्ग असूनही सीआरपी वाढत नाही. टोसिलिझुमॅबसारखे इंटरल्युकिन-६ चा मार्ग अडवणारे औषध दिले असेल, तर पुढचे अनेक दिवस सीआरपी खाली राहते, आणि त्या काळात ते कमी आहे म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे ठरते. स्टिरॉइडही त्याला काही प्रमाणात दाबतात.

प्रोकॅल्सिटोनिन हे ११६ अमिनो आम्लांचे प्रथिन असून कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे पूर्वरूप आहे. एरवी थायरॉइडमधल्या ‘सी’ पेशी ते तयार करतात आणि रक्तात त्याचा मागमूसही नसतो. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की शरीरातल्या अनेक ऊती ते सोडू लागतात. गंभीर संसर्गात रक्तातली त्याची पातळी चढते हे फ्रान्समधील संशोधकांनी १९९३ साली दाखवून दिले. तीन-चार तासांत ते चढू लागते आणि निर्मिती थांबली की साधारण एका दिवसात अर्ध्यावर येते. विषाणूंच्या संसर्गात तयार होणारे इंटरफेरॉन-गॅमा त्याची निर्मिती रोखते, आणि त्याच्या लौकिकाचा मोठा भाग याच गुणामुळे आहे. पण मोठी शस्त्रक्रिया, अपघात, हृदयक्रिया बंद पडणे यांनंतर संसर्ग नसतानाही ते चढते आणि मूत्रपिंडे काम करत नसतील तर उतरायला वेळ घेते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी दिसणारे ३ आणि पाचव्या दिवशी ०.६ वरून पुन्हा ३ वर गेलेले प्रोकॅल्सिटोनिन, यांत आकडा तोच असला तरी अर्थ सर्वस्वी वेगळा आहे.

यावरून एक व्यावहारिक सूचना करतो. न्यूमोनियाचा संशय आल्यावर पहिली चाचणी पाठवली, तर तुलनेसाठी हातात काहीच नसते. दर्शकाचा उपयोग करायचाच असेल तर तो आधीपासून ठरावीक अंतराने आणि एकाच यंत्रावर मोजलेला असावा, कारण निरनिराळ्या उत्पादकांच्या पद्धतींनी त्याच नमुन्याचे आकडे तंतोतंत जुळतीलच असे नाही.

प्रेसेप्सिन, प्रोॲड्रेनोमेड्युलिनचा मध्यभाग, विद्राव्य युरोकायनेज ग्राही, पेंट्रॅक्सिन-३ अशी नावे तुमच्या वाचनात आली असतील. यांतली काही रुग्ण किती गंभीर आहे याचा अंदाज चांगला देतात. गंभीरता सांगणे म्हणजे न्यूमोनिया ओळखणे नव्हे, त्यामुळे तुमच्या प्रश्नासाठी यांपैकी एकही तूर्तास पुढे करता येत नाही.

उत्तर ४
*अतिदक्षता विभाग, परिचर्या प्रमुख*

डॉक्टरांच्या चर्चेत एक छोटी भर घालते. स्रावाचा रंग, घट्टपणा, प्रमाण आणि सक्शन (नळीतून स्राव ओढून काढणे) किती वेळा करावे लागले, याची नोंद प्रत्येक पाळीत एकाच पद्धतीने झाली, तर ‘काल पातळ आणि पांढरा होता, आज पहाटेपासून घट्ट आणि पिवळा आहे, सक्शन दुप्पट वेळा करावे लागले’ असे निश्चितपणे सांगता येते. बऱ्याच तक्त्यांत नुसते ‘स्राव मध्यम’ लिहिलेले असते आणि मग राउंडमध्ये सगळा भार रक्ताच्या अहवालावर येऊन पडतो. ऑक्सिजनचे प्रमाण आणि पीईईपी (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखला जाणारा दाब) कधी व किती वाढवले, हेही वेळेसह लिहिलेले असावे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१३ पासून देखरेखीसाठी जी पद्धत स्वीकारली, तिची सुरुवातही याच नोंदींपासून होते: दोन दिवस स्थिर किंवा सुधारत असलेल्या रुग्णाची ऑक्सिजन वा पीईईपीची गरज त्यानंतर सलग दोन दिवस वाढलेली राहिली की ती घटना मोजली जाते. ती पद्धत एका रुग्णाच्या निदानासाठी नाही हे मला माहीत आहे, पण बदल लवकर लक्षात येण्यासाठी त्याच नोंदी उपयोगी पडतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ३८ टक्क्यांचा हिशेब मी कागदावर पुन्हा करून पाहिला आणि कमी आकड्याचा मला जो आधार वाटत होता तो किती तोकडा आहे हे लक्षात आले. परिचर्येच्या नोंदींबद्दलही आभारी आहे. उद्यापासून राउंडमध्ये तो तक्ता आधी पाहीन.

आता एक पुढचा प्रश्न. सुरू करण्याच्या निर्णयात हे दर्शक इतके दुबळे असतील, तर थांबवण्याच्या निर्णयात त्यांच्यावर विश्वास कसा ठेवता येतो? चाचणी तर तीच आहे. आणि उपचार चालू असताना प्रोकॅल्सिटोनिन उतरण्याऐवजी चढले, तर प्रतिजैविक बदलावे का?

उत्तर १ चे लेखक पुन्हा
*अतिदक्षता तज्ज्ञ*

चाचणी तीच असली तरी तिला विचारलेला प्रश्न बदलतो. सुरुवातीला आपण विचारतो, ‘हा चढ कशामुळे आहे?’ आणि याचे उत्तर तिच्याजवळ नसते. उपचाराच्या पाचव्या-सहाव्या दिवशी आपण विचारतो, ‘जे काही पेटले होते ते विझत आहे का?’ इथे रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी होते, मूळ पातळीची अडचण बरीचशी दूर होते, आणि उत्तर चुकले तरी रुग्ण तोवर स्थिर झालेला असल्यामुळे चूक सुधारायला वाव राहतो.

यासाठी पुरावाही चांगला आहे. फ्रान्समधील ६२१ रुग्णांच्या २०१० सालच्या चाचणीत प्रोकॅल्सिटोनिन ०.५ च्या खाली गेले किंवा शिखरापासून किमान ८० टक्के उतरले, की प्रतिजैविके थांबवण्याचा सल्ला दिला जात होता. पहिल्या २८ दिवसांतले प्रतिजैविकमुक्त दिवस सरासरी ११.६ वरून १४.३ वर गेले आणि मृत्यू वाढले नाहीत. नेदरलँड्समधील १५७५ रुग्णांच्या २०१६ सालच्या चाचणीत उपचाराचा मध्यक कालावधी सात दिवसांवरून पाच दिवसांवर आला आणि २८ दिवसांतले मृत्यूही २५ टक्क्यांऐवजी २० टक्के झाले. २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमधील २७६० सेप्सिसच्या रुग्णांचा निकाल आला, त्यात प्रोकॅल्सिटोनिनमुळे कालावधी १०.७ वरून ९.८ दिवसांवर आला; सीआरपीच्या मार्गदर्शनाने मात्र कालावधी कमी झाला नाही. हे सगळे रुग्ण केवळ व्हेंटिलेटरवरील न्यूमोनियाचे नव्हते, हे लक्षात ठेवावे. खास याच आजाराच्या १०१ रुग्णांचा २००९ सालचा अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो.

तरीही या लाभाचा आकार पाहून घ्या. फ्रान्समधील ४०१ रुग्णांच्या २००३ सालच्या चाचणीने दाखवले की, या न्यूमोनियासाठी आठ दिवसांचा उपचार पंधरा दिवसांइतकाच पुरेसा असतो. फक्त स्यूडोमोनाससारख्या जंतूंमध्ये संसर्ग उलटण्याचे प्रमाण अधिक दिसले. आता सात दिवस हाच सर्वसाधारण नियम झाला आहे. जो विभाग सातव्या दिवशी शिस्तीने थांबतो, त्याला प्रोकॅल्सिटोनिनमुळे मिळणारा फायदा लहान असेल. जिथे उपचार चौदा दिवसांपर्यंत रेंगाळतात तिथे तो मोठा दिसेल. माझ्या मते पहिले काम सात दिवसांची शिस्त लावण्याचे आहे. दर्शकाचा उपयोग मी पाचव्या दिवशीच थांबता येईल का हे पाहण्यासाठी, किंवा सात दिवसांनंतरही कोणाचा हात थांबायला धजावत नसेल तर त्याला आधार देण्यासाठी करतो.

आता चढत्या आकड्याबद्दल. या बाबतीत डेन्मार्कमधील १२०० रुग्णांची २०११ सालची चाचणी प्रत्येक निवासी डॉक्टरने वाचावी असे मला फार वाटते. तिथे प्रोकॅल्सिटोनिन अपेक्षेप्रमाणे उतरले नाही की प्रतिजैविकांची व्याप्ती वाढवायची आणि तपासण्या करायच्या, असा नियम ठेवला होता. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट प्रतिजैविके वाढली, अतिदक्षता विभागातला मुक्काम लांबला आणि मूत्रपिंडांच्या कार्यावरही ताण दिसला.

म्हणून आकडा चढला की मी आधी रुग्णाकडे जातो. ऑक्सिजनची गरज आणि रक्तदाबाचे औषध कमी होत असेल, ताप उतरला असेल, तर त्या दिवशी काहीही बदलत नाही. मूत्रपिंडांचे कार्य आणि मधल्या काळात झालेली एखादी शस्त्रक्रिया तेवढी तपासतो. रुग्णही आकड्यासोबत खालावत असेल तर सोनोग्राफीने फुप्फुसाभोवती पू साचला आहे का ते पाहतो, गरजेनुसार सीटी स्कॅन करून गळू शोधतो, शिरेतल्या नळ्या बदलतो, पोट तपासतो, आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला दूरध्वनी करून वाढलेला जंतू चालू औषधाला दाद देतो का आणि दिलेला डोस पुरेसा आहे का, हे विचारून घेतो. नवा नमुना पाठवल्यानंतरच प्रतिजैविक बदलतो.